अणुबॉम्ब जात बघत नाही म्हणता?

'अणुबॉम्ब पडला तर ब्राह्मण, मराठा, महार सगळे एकाच क्षणात राख होतील, मग कसली जात घेऊन बसलात?' मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे उडत होती, तेव्हा हे वाक्य आम्हाला अनेकांनी ऐकवले. टीव्हीवरचे अँकर युद्ध मागत होते आणि आमच्याच वस्तीतली काही पोरे स्टेटसला रणगाडे ठेवत होती. या वाक्यात लबाडी आहे. ते पहिल्या क्षणाबद्दल बोलते, दुसऱ्या दिवसाबद्दल बोलत नाही. आणि मरणारे सगळेच पहिल्या क्षणात मरत नाहीत.

दुसरा दिवस कसा असतो हे ज्यांना बघायचे आहे त्यांनी 'थ्रेड्स' बघावा. थ्रेड्स म्हणजे धागे. बॅरी हाइन्सने लिहिलेले आणि मिक जॅक्सनने दिग्दर्शित केलेले हे नाट्य बीबीसीने २३ सप्टेंबर १९८४ रोजी दाखवले. त्यात राष्ट्राध्यक्ष नाहीत, सेनापती नाहीत. शेफील्डमधली रूथ आणि जिमी ही दोन साधी माणसे आहेत. रूथला दिवस गेलेले आहेत, लग्न ठरते आहे, भिंतींना कागद लावणे चालू आहे आणि मागे रेडिओवर इराणमधल्या तणावाच्या बातम्या येत आहेत. मग बॉम्ब पडतो. जिमी परत दिसतच नाही. ज्यांच्यावर शहर सांभाळायची जबाबदारी होती ते अधिकारी टाऊन हॉलच्या तळघरात ढिगाऱ्याखाली अडकून मरतात. वीज, पाणी, दूध, दवाखाना, शाळा, एकेक धागा तुटत जातो. पैशाला किंमत उरत नाही. अन्न हेच चलन होते. काम केले तर मिळेल, नाही केले तर नाही.

आमचे डोळे या जागी थांबले. पोटाला धान्य आणि त्या बदल्यात सांगेल ते काम! इंग्रज प्रेक्षकाला हे भयानक भविष्य वाटले असेल. आमच्या आज्या-पणज्यांनी ते जगलेले आहे. त्याला बलुते म्हणत. मेलेले जनावर ओढायचे, सांगावा घेऊन धावायचे, मयताची खबर पोचवायची आणि दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढले ते याच धान्याच्या बेडीविरुद्ध. पैशाची मजुरी, शहर, कायदा, शाळा हे धागे आम्हाला त्या बेडीतून बाहेर काढणारे आहेत. ते तुटले तर वरच्यांची सोय जाईल. आमची मात्र सुटका जाईल.

शेफील्ड हे पोलादाचे शहर. आमचे जालनाही सळ्यांचे. म्हणून मराठीत कुणाला असे नाटक लिहायचे असेल तर ते मुंबईत घडवू नये, जालना जिल्ह्यात घडवावे. अंतरवाली सराटीत घडवावे. अंबड तालुक्यातले हे गाव १ सप्टेंबर २०२३ च्या पोलिसी लाठीमारानंतर देशाला माहीत झाले. मराठा आरक्षणासाठी इथे उपोषण चालू होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी दुसरे उपोषण बसले. दोन्ही मागण्यांवर आमचे म्हणणे वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच विचारतो, की शिक्षण-नोकरीतल्या वाट्यावरून शेजारची दोन गावे दोन छावण्या होतात, बीड जिल्ह्यात जात बघून दुकानात जायचे की नाही ही भाषा होते, तिथे गावात एकच विहीर चालू राहिली आणि धान्याची दहाच पोती उरली तर काय होईल? बॉम्ब न पडता हे धागे इतके ताणले गेले. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले, तेवढ्यावरून याच मराठवाड्यात आमची घरे जाळली होती.

आम्ही कल्पना लढवतो आहोत असे वाटत असेल तर किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हादरली. तिने जात बघितली नाही हे खरे. पण नवीन गावे वसवली तेव्हा शासनाने घरे कशी मोजली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त असणाऱ्याला ७५०. जुन्या गावात ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला नव्या गावात घरही लहान. आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे हे आम्ही सांगायला हवे काय? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना मदतछावण्यांतून दूर ठेवल्याच्या तक्रारी झाल्याच.

हिरोशिमाचे तरी काय? जपानने गुलाम केलेल्या कोरियातून आलेले हजारो मजूर ६ ऑगस्ट १९४५ ला तिथे मेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते शांती उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ उजाडावे लागले. म्हणजे जळून राख झाल्यावरही ५४ वर्षे गावकुसाबाहेर! वाचलेल्या जपान्यांनाही 'हिबाकुशा' म्हणून लोक सोयरिकीला नकार देत राहिले. नवी अस्पृश्यता जन्माला घालायला बॉम्बला फार वेळ लागला नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे बॉम्बला आमच्या बुद्धाचे नाव. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटाचे सांकेतिक नाव 'हसरा बुद्ध'. ११ मे १९९८ चे स्फोट बुद्ध पौर्णिमेला. १२ मे २०२५ ला, पुन्हा बुद्ध पौर्णिमेलाच, पंतप्रधानांनी देशाला सांगितले की शांतीचा मार्गही शक्तीतून जातो. तिकडे झारखंडच्या जादूगोड्यात युरेनियमच्या खाणीशेजारी राहणाऱ्या आदिवासींवर श्रीप्रकाश यांनी माहितीपट केला, त्याचे नाव 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा'. खाणीशेजारी राहणाऱ्यांना बुद्ध हसताना दिसला नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेब काही भाबडे अहिंसावादी नव्हते. नव्हतेच. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडा. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून नव्हे. ती कथा बाबासाहेबांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांशी युद्ध पुकारत होता आणि सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. सेनापतीने धमकी दिली ती कुटुंबावर सामाजिक बहिष्काराची आणि जमीन जप्तीची. आज टीव्हीवर 'देशद्रोही' म्हणणाऱ्यांची भाषा यापेक्षा वेगळी आहे काय? आणि १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी आकडा मांडला होता : वर्षाला ३५० कोटींचा महसूल, त्यातले १८० कोटी लष्करावर. परराष्ट्र धोरणाने मित्र उरले नाहीत म्हणून हा बोजा पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे संरक्षणाचा प्रश्न टाळायचा नाही, पण हिशेब मागायचा.

'बॉम्ब वापरायला नसतो, भीती घालायला असतो', असे शहाणे लोक सांगतात. 'थ्रेड्स'मधल्या दोन्ही महासत्तांकडेही तो भीती घालण्यापुरताच होता. शेवटी तेरा वर्षांनी रूथची मुलगी धड भाषाही बोलू शकत नाही आणि तिच्या हातात मेलेले मूल देतात. कुठली बाजू जिंकली हे सिनेमा सांगतच नाही.

येत्या बुद्ध पौर्णिमेला विहाराविहारांत खीरदान होईल, डीजे लागतील. त्याच रात्री एका भिंतीवर पांढरी चादर लावून हा सिनेमा दाखवा. अंबड, घनसावंगी, गेवराईच्या गावांतून सुरुवात करा. मराठा आणि ओबीसी शेजाऱ्यांनाही बोलवा, बायांना पुढे बसवा. सिनेमा इंग्रजीत आहे, तेव्हा शेजारी उभे राहून एकाने मराठीत सांगत जावे. लहान पोरांना मात्र आधी घरी पाठवा.