बळीचा बकरा

१६ जुलै १९५०. रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला फुटबॉलच्या विश्वचषकासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. पहिला गोल ब्राझीलनेच केला. उरुग्वेने तो फेडला आणि ७९व्या मिनिटाला गिज्जियाने गोलरक्षक मोआसिर बार्बोझा व खांब यांमधल्या फटीतून चेंडू आत धाडला. ब्राझील १-२ हरले. तेव्हापासून २००० साली डोळे मिटेपर्यंत हा माणूस एका अख्ख्या राष्ट्राचा आरोपी राहिला. १९९३ साली राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला भेट द्यावयास गेला, तर अपशकुनी म्हणून त्याला परतविण्यात आले!

अकरांच्या पराभवाचा धनी एकटा कसा? आघाडीच्या फळीला दुसरा गोल का साधला नाही? आणि सामन्याआधीच विजयाचे मथळे छापणाऱ्या वृत्तपत्रांना कोणी जाब विचारला? १९४९ मध्ये दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाचा गोलरक्षक हाच होता, हे कोणाला आठवले? बोल लागला तो बार्बोझाला, बिगोदेला आणि जुवेनालला. तिघेही कृष्णवर्णीय. हा निव्वळ योगायोग मानण्याइतका मी तरी भोळा नाही.

लेवीय ग्रंथातील बोकड आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याला रानात सोडण्यापूर्वी याजक त्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांचीच पापे कबूल करीत असे, हे आपण विसरतो. अपराध आपला, बोकडाचा नव्हे, हे तेथे उच्चारले जाई. क्रीडाप्रेमी म्हणविणाऱ्यांनी ती कबुली तेवढी गाळली.