त्रिकोणमितीचा उपयोग काय?

शाळेंत त्रिकोणमितीचा आरंभ झाला कीं पुष्कळ घरांतून एक प्रश्न ऐकूं येतो : ‘ह्या भुजज्या आणि कोटिज्या, म्हणजेच पुस्तकांतील साइन आणि कोसाइन, मुलांच्या पुढें काय कामाला येणार?’ पालक हा प्रश्न मुलांच्या हितासाठींच विचारतात, हें आम्ही जाणतों. वेळ, पैसा व श्रम खर्चावयाचे, तर फळाची चौकशी करणें त्यांचें कर्तव्यच आहे. परंतु कोणती विद्या उपयोगी आणि ती कोणाच्या उपयोगी, हें आधींच ठरवितां येतें, ही समजूत मात्र आम्हांस खरी वाटत नाहीं. ह्याची साक्ष आपल्या डोक्यावरील तुळई व छताची लादीच देईल.

फ्रान्समधील ओसेर गांवीं एका शिंप्याच्या घरीं १७६८ सालीं जोसेफ फूरिए जन्मला. तो बालपणींच पोरका झाला व बेनेडिक्टाइन संन्याशांनीं चालविलेल्या शाळेंत शिकला. पुढें घन पदार्थांतून उष्णता कशी पसरते ह्याचा त्यानें शोध चालविला. कोणतीही वेडीवांकडी रेषा भुजज्येच्या साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडतां येते, असें त्यानें १८०७ सालीं पॅरिसच्या विद्वानांस कळविलें. लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञासही तें पटलें नाहीं. १८१२ सालीं त्याला पारितोषिक मिळालें, तेंही सिद्धतेंत उणीव असल्याच्या शेऱ्यासह. त्याचा ग्रंथ १८२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा विषय उष्णता. तुळईचें त्यांत नांवही नको होतें.

आतां दोन भिंतींवर टेंकलेली व सर्वत्र सारखा भार वाहणारी तुळई घ्या. फूरिएच्या रीतीनें तो भार एक, तीन, पांच, अशा विषम संख्येच्या कमानी असलेल्या लहरींत विभागतां येतो. भार भुजज्येच्या आकाराचा असला तर तुळईही त्याच आकारांत वांकते. आणि भुजज्या दोन्ही टोकांशीं शून्य असल्यामुळें टेंकलेलीं टोकें आपोआप जागच्या जागीं राहतात. तीन कमानींच्या लहरीच्या वांट्यास पहिलीच्या एकतृतीयांश भार येतो. शिवाय इतक्या आंखूड कमानींत वांकतांना तुळई तीनाच्या चतुर्थ घाताइतकी, म्हणजे ८१ पट, ताठ होते. सबब तिचा बांक पहिलीच्या २४३ वा हिस्सा. तो मध्यावर उलट दिशेस असल्यानें वजा करावयाचा. पांच कमानींचा बांक ३१२५ वा हिस्सा, तो मिळवावयाचा. केवळ पहिल्या लहरीनें मध्यावरील बांक काढला, तर अचूक उत्तराशीं शेंकडा अर्ध्याहूनही कमी अंतर पडतें. तिन्ही लहरी घेतल्या तर दहा हजारांत एकाहूनही कमी. जी बेरीज विद्वानांस संशयास्पद वाटली, ती येथें तीन पावलांत मुक्कामास पोंचते.

तुळई एकाच दिशेस वांकते; लादी दोन्ही दिशांस. पूल व रस्ते बांधणाऱ्या खात्यांतील इंजिनीयर नाव्हिए ह्यानें १८२० सालीं लांबीच्या व रुंदीच्या लहरी एकत्र गुंफून आयताकृति लादीचा बांक काढून दाखविला. चारी बाजूंनीं टेंकलेली चौरस लादी, दोनच बाजूंनीं टेंकलेल्या तशाच लादीच्या सुमारें एकतृतीयांश वांकते, हें ह्या गणितानें कळतें. आज असलीं गणितें बहुधा संगणक अन्य रीतींनीं करितो. तरी त्या रीति बरोबर आहेत कीं नाहींत हें पडताळण्यास नाव्हिएचें उत्तर अद्यापि घेतात.

आतां विद्या कोणाच्या उपयोगी, ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. लादीच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत पॅरिसची सोफी जेर्मां ही प्रमुख होती. लहानपणीं तिनें रात्रीं गणित करूं नये म्हणून आईबापांनीं दिवे काढून घेतले, असें तिच्या चरित्रांत सांगतात. तेथील नव्या विद्यालयांत स्त्रियांस प्रवेश नव्हता. म्हणून तिनें ल ब्लां ह्या पुरुषी नांवानें आपले लेख लाग्रांजकडे पाठविले. क्लाड्नी ह्यानें कंप पावणाऱ्या पत्र्यांवर वाळूच्या आकृति उमटवून दाखविल्यावर त्यांच्या गणितासाठीं जें पारितोषिक जाहीर झालें, तें तिनें तिसऱ्या प्रयत्नांत १८१६ सालीं मिळविलें. तिच्या युक्तिवादांत दोष होते. समीकरण सुधारण्यास लाग्रांजचें साहाय्य झालें. पण ज्या प्रश्नास इतर हात घालीत ना, तो तिनें एकटीनें धरून ठेविला. १८८९ सालीं उभारलेल्या आयफेल मनोऱ्यावर ७२ विद्वानांचीं नांवें घातलीं गेलीं. त्यांत फूरिए व नाव्हिए होते, सोफी जेर्मां नव्हती.

प्रत्येक मुलानें गणिती व्हावें, असा आमचा आग्रह नाहीं. ज्याचा ओढा चित्रकलेकडे वा भाषेकडे आहे, त्यानें तिकडे खुशाल जावें. परंतु ‘उपयोग काय?’ एवढ्याच कारणास्तव, किंवा ‘मुलीच्या जातीला हें कशाला?’ असें म्हणून, कोणाचेंही पुस्तक मिटविलें जाऊं नये. शिंप्याच्या पोरक्या मुलाला संन्याशांनीं शिकविलें, तेव्हां त्याच्या विद्येनें पुढें छतांचा बांक मोजला जाईल हें त्यांस कोठें ठाऊक होतें? विद्यार्थ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, मोठें संकट दिसलें तर त्याचे साधे भाग पाडावे व सर्वांत मोठा भाग आधीं हातीं घ्यावा. उरलेले बहुधा लहान असतात.

शुभवर्तमानांतील एका दासानें धन्यानें दिलेलें धन जमिनींत पुरून ठेविलें, आणि तो दोषी ठरला. मुलांमुलींची बुद्धि ही तशीच सोंपविलेली ठेव आहे. ती पुरण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं.