गळ खोल गेले, त्याचं काय?



‘नव्वद टक्के ट्यूना संपला’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. हा आकडा मायर्स आणि वर्म या संशोधकांच्या २००३च्या ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकातल्या लेखातला, तोही एकट्या ट्यूनाचा (आपल्या कुप्याचा) नव्हे, सगळ्या मोठ्या शिकारी माशांचा. त्यांचा मुख्य आधार म्हणजे जपानी लाँगलाइन (लांब दोरीला अनेक गळ लावून मासे पकडणाऱ्या) बोटींच्या नोंदी : शंभर गळांमागे मासे किती? पण सत्तरच्या दशकात याच बोटी बिगआय ट्यूनासाठी गळ बरेच खोल सोडू लागल्या. मग वरच्या थरातला यलोफिन ट्यूना कमी लागणारच! शिवाय बोटी ज्या भागात फिरकल्याच नाहीत, तिथे मासे किती धरायचे? शून्य, की शेजारच्या भागाइतके? उत्तर बदललं की सगळा हिशोब बदलतो. संशोधक हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये ‘नेचर’मध्येच पॅसिफिकच्या आकड्यांवर आक्षेप घेतला. घट त्यांनीही नाकारली नव्हती; नव्वद टक्के मात्र त्यांना पटले नव्हते.

– एक वाचक, रत्नागिरी