बेल्ट विकू नका, बसवणं विका



या आठवड्याच्या व्हिडिओत बेल्ट आणि पुली बसवताना तुम्ही माझे हात बघितलेत. कॅमेऱ्यात हात दिसतात, हिशेब दिसत नाही. तो इथे मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टू-व्हीलर गॅरेज टाकायचा विचार असेल, तर बेल्टवर सुटणाऱ्या मार्जिनकडे बघून धंद्यात येऊ नका. बेल्ट आज कुठेही मिळतो. गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवतं आणि पिशवीत घालून आपल्याकडे आणतं. आपण विकायचं ते काम. सरळ, मोजून आणि एकदाच केलेलं काम.

हे मला बीबीएत कोणी शिकवलं नाही. आचोळे रोडला दुकान टाकलं, त्या पहिल्या वर्षी शिकलो. डबे पोहोचवणाऱ्या एका ताईंची गिअरलेस स्कूटर आली होती. बेल्टला चिरा पडलेल्या. संध्याकाळची वेळ, बाहेर अजून चार गाड्या उभ्या. नवा बेल्ट टाकला, पुढच्या पुलीचा नट गनने टर्रर्र करून आवळला, कव्हर लावलं. वीस मिनिटांत गाडी बाहेर! मला माझंच कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी ताईंचा फोन. "दादा, अंबाडी रोडवर अडकलेय. इंजिन चालू आहे, पण गाडी पुढे जात नाही."

कव्हर उघडलं तर नट ढिला आणि क्रँकच्या टोकावरच्या स्प्लाइन खाऊन गेलेल्या. चूक माझीच होती. नट आवळताना बेल्ट पुलीच्या दोन तबकड्यांमध्ये चिमटला होता. नट घट्ट झाल्यासारखा वाटला, पण तो बेल्टवर घट्ट झाला होता, आतल्या बुशवर नाही. गाडी पळाली, बेल्ट आपल्या जागी सरकला आणि नटाची पकड गेली. पुढचं काम पुलीने केलं.

क्रँक बदलायचा म्हणजे पूर्ण इंजिन उघडायचं. पैसे अर्थातच मी भरले. त्या महिन्याचं दुकानाचं भाडं त्यात गेलं. ताईंनी आठ दिवस रिक्षाने डबे पोहोचवले. एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, पण पुन्हा दुकानाची पायरीही चढल्या नाहीत. माझ्या मते खरं नुकसान ते.

बरोबर पद्धत काय? आधी मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवायच्या आणि बेल्ट खोल खाचेत दाबायचा. म्हणजे पुढच्या बाजूला बेल्ट सैल पडतो. मग पुढची तबकडी बसवायची, बेल्ट मोकळा आहे ना ते बघायचं आणि नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचा. बेल्टवर बाण असेल तर दिशा पाळायची. पुलीच्या तोंडाला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. या सगळ्याला दहा मिनिटं जास्त लागतात. तेवढीच.

आता पुढचं बघा. आपल्याकडे 1984 मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडासोबत कायनेटिक होंडा आणली, तेव्हापासून मेकॅनिकला हा स्कूटरचा बेल्ट माहीत आहे. पण रिव्होल्ट आरव्ही 400 सारखी इलेक्ट्रिक बाइक किंवा एथर 450 सारखी स्कूटर घ्या. तिथे मागच्या चाकाला दात्यांचा बेल्ट आहे, हार्लेच्या मोटरसायकलींना असतो तसा. वॉरंटीतल्या गाड्या कंपनीकडे जातील. वॉरंटी संपली की त्या आपल्या दारात येणार. तेव्हा लागणार अलाइनमेंट.

अलाइनमेंट या शब्दाला घाबरू नका. पिठाची गिरणी आठवा. पट्टा सारखा उतरायला लागला की जुना गिरणीवाला काय करतो? दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सुतळी ताणून धरतो. सुतळी सगळीकडे टेकली तर पुल्या एका ओळीत. बाइकलाही हाच नियम, फक्त मोजमाप बारीक.

1. काम सुरू करण्याआधी गाडी बंद आणि चावी तुमच्या खिशात. चाक फक्त हाताने फिरवायचं. बेल्ट आणि पुलीमध्ये बोट गेलं तर मजुरी कमी पडेल.

2. स्विंगआर्मवरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास नको. पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.

3. चाक फिरवून बघा. बेल्ट पुलीच्या एकाच काठाला घासत असेल तर चाक तिरकं आहे.

4. एक्सल नट आवळताना चाक किंचित सरकतं. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. बहुतेक जण इथेच चुकतात.

5. ताण गाडी थंड असताना, जिथे बेल्ट सर्वांत घट्ट लागतो तिथे मोजा. जास्त घट्ट ठेवला तर बेअरिंग जातं, सैल ठेवला तर दाते उडी मारतात.

आणि स्क्रूड्रायव्हरने बेल्ट पुलीवर चढवू नका, दुमडू नका. आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, नालासोपाऱ्यात लोक रेट बघतात. शेजारच्या गल्लीत शंभर रुपये कमी घेतात." घेऊ द्या. समजा मजुरी 300 रुपये आहे आणि दहातली एक गाडी परत आली. परत आलेल्या गाडीची मजुरी शून्य. तिच्यामुळे नवी गाडी थांबली, तीही मजुरी गेली. 3,000 चे 2,400 झाले, आणि पार्ट खराब झाला असेल तर तो वेगळा. स्वस्त काम गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं, तुम्हाला नाही.

पावसाळ्यात हे अजून कळतं. 10 जुलै 2018 ला वसई-नालासोपारा पाण्यात होतं, आठवत असेल. पाण्यातून आलेल्या स्कूटरचा बेल्ट घसरतो आणि माणूस म्हणतो, "बेल्ट गेला, बदला." आधी कव्हर उघडा, पाणी काढा, पुल्या पुसा, बेल्ट तपासा. चांगला असेल तर तसं सांगा आणि फक्त सफाईचे पैसे घ्या. ज्याला तुम्ही नको असलेला बेल्ट विकला नाहीत, तो पुढच्या वेळी रेट विचारत नाही.

आजचा गृहपाठ: एक कार्ड छापा. तारीख, किलोमीटर, नटाचा टॉर्क, दोन्ही बाजूंची मापं, तुमची सही. गाडी देताना ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा आणि आठ दिवसांनी तपासणीला बोलवा, फुकट. माझ्या दुकानात हे कार्ड ताईंच्या त्या स्कूटरनंतर आलं. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून असू द्या.