बहिणीची सही

वडिलांच्या निधनाचा दुखवटा ओसरतो न ओसरतो, तोच अनेक घरांत एक कागद तयार होतो : हक्कसोडपत्र.

धर्मापुरीसारख्या गावात दुकान, राहते घर आणि शिवारात थोडीफार जमीन, एवढीच व्यापारी कुटुंबाची बहुधा मिळकत. लातूर वा सोलापूरला दिलेली लेक एका दिवसासाठी येते, दुय्यम निबंधक कार्यालयात सही आणि अंगठ्याचा ठसा देते, साडी-चोळी स्वीकारते आणि सायंकाळच्या गाडीने परतते. कागद तिने वाचलेला नसतो. वाचावयास मागणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे, असा संकेत! जी पेढी ग्राहकाला पै-पैचा हिशेब वाचून दाखविते, तिच्याच घरात हे घडते.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोपर्यंत अविवाहित असलेल्या कन्यांना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद उरला नाही. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणी ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या अबाधित आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१५ मध्ये ज्येष्ठ कन्येस एकत्र कुटुंबाची ‘कर्ता’ मानले. ज्यांच्या प्राप्तिकराच्या फाइली अविभक्त कुटुंबाच्या नावे आहेत, त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

हे सारे नव्या काळाचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी १८७८ चा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय आठवावा. शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात सरावगी अग्रवाल जैनांचा रिवाज ग्राह्य धरून, निपुत्रिक विधवेचा पतीच्या स्वार्जित मिळकतीवरील पूर्ण हक्क आणि अनुज्ञेविना दत्तक घेण्याचा अधिकार मान्य झाला. त्या काळच्या सामान्य हिंदू विधवेला एवढे स्वातंत्र्य नव्हते. जैन स्त्रीचा हक्क मानण्याचा आपला वारसा असा जुना आहे. तो आपणच विसरलो.

‘लग्नात खर्च केला’ हे नेहमीचे उत्तर. परंतु तो खर्च मुख्यतः घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी झाला. त्यातील कोणती रक्कम तिच्या खाती जमा झाली? काही भगिनी समजून-उमजून, आनंदाने हक्क सोडतात. त्यांच्या निर्णयाचा आदरच आहे. पण ‘माहेर तुटेल’ या भीतीने दिलेले खरोखर दिलेले मानावे काय? अचौर्याचे अणुव्रत घेणाऱ्या श्रावकाने अदत्तादानाचा विचार दुकानाच्या तराजूपाशीच थांबवू नये.

स्वतःच्या नावे काही असलेल्या स्त्रीला आजारपणात उपचारासाठी, शिक्षणासाठी वा लहानसा व्यवसाय आरंभण्यासाठी दर वेळी कोणाची संमती मागावी लागत नाही. वैधव्य आले तर तिला दिराच्या दारी उभे राहावे लागत नाही.

तेव्हा पुढील हक्कसोडपत्राचा मसुदा निदान पंधरा दिवस आधी बहिणीच्या घरी पोहोचावा. मिळकतीचे आजचे मूल्य त्यासोबत लिहून द्यावे, तिने आपल्या पसंतीच्या वकिलाला तो दाखवावा. तिने ‘नाही’ म्हटले, तरी त्या वर्षीची भाऊबीज नेहमीसारखीच व्हावी.