ट्राउट हलाल आहे, पण आपली नियत?

काश्मीरला ट्राउट धरायला जायचे बेत हल्ली माझ्या ओळखीतली अंधेरी-कुर्ल्याची तरुण मंडळी करू लागली आहेत. बेत ठरला की पहिला प्रश्न हलालचा येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. माशाला जबह लागत नाही, तो हलालच. दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: तो मासा आपण धरणार कशासाठी?

कोकणात गरी टाकून बसलेला माणूस घरच्या कालवणाचा विचार करून बसतो. सहलीतल्या मासेमारीचा हिशेब वेगळा असतो. मासा ओढायचा, हातात धरून फोटो काढायचा, परत सोडायचा, पुन्हा गळ टाकायचा. याला दयाळूपणा म्हणतात. मला तो पटत नाही. जिवंत प्राण्याला निशाणेबाजीचे लक्ष्य करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. निव्वळ गंमत म्हणून जिवाला दहा वेळा ओढणे त्या शिकवणीच्या फार जवळ जाते. माझे मत स्पष्ट आहे: परवानगी असेल तितकेच धरा, धराल ते खा, आणि पोट भरले की गळ गुंडाळा.

सोडून दिल्याने मासे टिकतात, असे यावर म्हटले जाते. ते काही अंशी खरे आहे, आणि ज्या पट्ट्यात मासा सोडण्याचाच नियम आहे तिथे तो पाळलाच पाहिजे. पण ट्राउट काश्मीरचा मूळ मासा नाही. इंग्रजांच्या शौकासाठी त्याची अंडी ब्रिटनमधून बर्फात आणली गेली. १८९९ साली आलेली पहिली खेप वाया गेली, १९०० ची जगली. आज तपकिरी ट्राउट जगातल्या १०० सर्वांत घातक परक्या जातींच्या यादीत आहे, कारण तो जिथे जातो तिथल्या स्थानिक माशांना जड जातो. म्हणून गळाला मूळचा काश्मिरी मासा लागला तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून त्याला सोडा. ट्राउट मात्र नियमात बसत असेल तर पातेल्यात जाऊ द्या.

बेत आखताना या नियतीचा उपयोग होतो. काश्मीरमधला हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. हिवाळ्यात मासा अंडी घालतो, तेव्हा बंदी असते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै नावा ओढून ठेवणाऱ्या वर्सोव्याच्या कोळ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मत्स्य खात्याचा परवाना नदीच्या ठराविक पट्ट्यापुरता आणि ठराविक दिवसापुरता असतो. किती मासे, किती लांबीचे, कोणत्या गळाने, हे त्याच वेळी विचारून घ्या. नारानागहून चढून गंगाबल तलावावर जायचे असेल तर जुलैआधी निघू नका. तलाव साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे, अंगाला उंचीची सवय होण्यासाठी दोन दिवस राखून ठेवा.

प्रवास आता सोपा झाला आहे. बोरिवलीला स्वराज एक्स्प्रेस पकडून कटरा, आणि जून २०२५ पासून तिथून थेट श्रीनगरची गाडी. गळ फेकायचा सराव पवईला होतो. १९५५ सालची मासेमारांची संघटना त्याच तलावावर आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरणमध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात आपल्या डोंबिवलीचे तिघे होते, आणि स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही होता. त्यानंतर पर्यटक आटले आणि घोडेवाले, वाटाडे, खानावळवाले यांच्या चुली मंदावल्या. लिद्दर नदी त्याच पहलगामातून वाहते. तिथे जाल तेव्हा स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. माशासाठी दहा हजारांची काठी घेणाऱ्याने माणसाच्या शंभर रुपयांवर अडून बसणे शोभत नाही. ताटातला मासा हलाल असेल, पण वाटाड्याची मजुरी कापून खाल्लेला घास कितपत हलाल, याचा विचार निघण्याआधी करावा.