विटाळ, आता स्वतःच्याच तोंडाचा

थुंकीची किळस आपल्याला वारशाने मिळाली आणि त्या वारशाची झडती आपण कधी घेतली नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके असे, त्याच्या थुंकीने सवर्णाचा पाय बाटू नये म्हणून; डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त हे नोंदवले आहे. मडके गेले, किळस उरली. आज तिला आपण आरोग्य म्हणतो आणि सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक द्रवाने चूळ भरून स्वतःच्याच तोंडाचा विटाळ काढत बसतो. तोंडात काय राहते आणि ते कशासाठी, हे विचारण्याची गरज मात्र आपल्या सुशिक्षितांनाही भासली नाही.

पालक, माठ, बीट यांतले नायट्रेट आतड्यांतून रक्तात जाते. त्यातला सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी वेचून पुन्हा तोंडात आणतात. तिथे जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू त्याचे नायट्राइट करतात. आपल्या पेशींना हे काम जवळजवळ येतच नाही. ते नायट्राइट गिळले जाते आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा भरायला लावल्या. तोंडातली नायट्राइटची निर्मिती सुमारे ९० टक्क्यांनी घटली, रक्तातले नायट्राइट २५ टक्क्यांनी, आणि रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी चढला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लहान आहे, आणि बाजारातली प्रत्येक बाटली क्लोरहेक्सिडिनची नसते, हे खरे. पण निरोगी शरीरात आठवड्यात एवढे घडते, तर वर्षानुवर्षे चुळा भरणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचे काय, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही.

दोष औषधाचा नाही. हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर दंतवैद्य ते काही दिवसांपुरते देतात, तेव्हा ते हवेच. त्याचे नित्यकर्म आपण केले. तंबाखू, मिश्री, रक्ताळलेल्या हिरड्या यांविषयी घरात बोलायचे नाही, वास तेवढा दडवायचा, ही आपली शुचिता. वडिलांच्या ताटात रक्तदाबासाठी पालेभाजी वाढायची आणि जेवण झाल्यावर त्यांच्याच हाती ती बाटली द्यायची, हे आपले शहाणपण. आणि याच घरांत कामवालीचा कप अजून वेगळ्या फळीवर असतो. तिथे जंतूंचे कारण सांगू नये. धुतलेल्या कपाला जात नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. बाटली किती दिवस वापरायची, हे दंतवैद्याला विचारून घेऊ. तो कप मात्र कोणालाही न विचारता आजच बाकीच्या कपांत ठेवता येईल.